वाचकांचे प्रश्न : विभवांतर कुठले, धारा कुठली?

विभवांतर (व्होल्टेज) आणि धारा (करंट) यांवरून रोध (रेझिस्टन्स) व शक्ती (पॉवर) काढण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. सूत्रे सर्वांनाच पाठ आहेत आणि गुणाकार-भागाकारही बरोबर केलेले आहेत. तरीही उत्तरे प्रत्यक्षाशी जुळत नाहीत, कारण सूत्रात घातलेले दोन आकडे एकाच वस्तूचे आणि एकाच स्थितीतले आहेत की नाहीत, हे पाहायचे राहून गेले आहे. म्हणून या उत्तरांत आकडेमोडीपेक्षा त्या पडताळणीला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : घरातल्या जुन्या बल्बवर २३० व्होल्ट, ६० वॅट असे लिहिले आहे. पुस्तकातील रीतीने त्याचा रोध ८८० ओहमच्या आसपास येतो. शाळेतल्या मल्टिमीटरने तोच बल्ब मोजला तेव्हा फक्त ६४ ओहम दिसले. मीटर बिघडला आहे का? (इयत्ता दहावीतील विद्यार्थिनी, बार्शी)

मीटर ठीक आहे आणि तुझे गणितही ठीक आहे. तू एकाच बल्बचे दोन वेगळ्या स्थितींतले रोध काढले आहेस, इतकेच.

प्रथम गणित पाहू. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, म्हणून धारा म्हणजे शक्ती भागिले विभवांतर. ६० भागिले २३० केल्यावर सुमारे ०.२६ अँपिअर येतात. रोध म्हणजे विभवांतर भागिले धारा, म्हणून २३० भागिले ०.२६, म्हणजे सुमारे ८८० ओहम. पण बल्बवर छापलेले ६० वॅट हे बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटलेला असतानाचे असतात. त्या वेळी आतले टंगस्टनचे कुंतल (प्रकाश देणारी बारीक तार, फिलामेंट) सुमारे २५०० अंश सेल्सिअसला तापलेले असते. मल्टिमीटर मात्र आपल्या लहानशा बॅटरीतून अगदी थोडी धारा बल्बमधून पाठवतो, तिने कुंतल तापत नाही, आणि म्हणून ६४ ओहम हा थंड कुंतलाचा रोध आहे. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. टंगस्टनच्या बाबतीत, एवढ्या मोठ्या तापमानवाढीमुळे, ही वाढ जवळजवळ चौदापट होते. तुझ्या दोन आकड्यांचा भागाकार करून पाहा, तो तेवढाच येईल.

यातून आणखी एक गोष्ट कळते. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी कुंतल थंडच असते, म्हणून त्या क्षणी २३० भागिले ६४, म्हणजे साडेतीन अँपिअरहून अधिक धारा जाते आणि शक्ती आठशे वॅटच्या वर असते. सेकंदाच्या लहानशा अंशातच कुंतल तापते, रोध वाढतो आणि धारा ०.२६ अँपिअरवर स्थिरावते. असे बल्ब बहुधा लावताक्षणीच का जातात, याचे एक कारण या धक्क्यात आहे.

मग ओहमचा नियम, म्हणजे धारा विभवांतराच्या प्रमाणात असते हे विधान, बल्बला लागू पडत नाही का, असे तू पुढे विचारशील. नियमाच्या विधानात ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ असे शब्द असतात. परीक्षेत ते लिहिले नाहीत तर गुण जातात, म्हणून विद्यार्थी ते पाठ करतात. पण नियमाचा सारा भार त्या शब्दांवर आहे. जॉर्ज सायमन ओहम हे जर्मनीतील कोलोन येथे शिक्षक होते. त्यांनी प्रयोग सुरू केले तेव्हाच्या विद्युतघटांचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच घसरत असे आणि मोजमापांचा मेळ लागत नसे. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यांनी घट बाजूला ठेवले आणि तांबे व बिस्मथ यांच्या सांध्यांतून मिळणारे विभवांतर वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवल्यामुळे ते विभवांतर स्थिर राहिले, आणि त्यानंतर १८२७ साली त्यांना आपला सिद्धान्त सविस्तर मांडता आला. काय स्थिर ठेवायचे आणि काय बदलू द्यायचे, हे ठरवण्यातच त्यांचे मोठे कष्ट गेले. विभवांतर भागिले धारा हा भागाकार कोणत्याही वस्तूसाठी, कोणत्याही क्षणी करता येतो आणि त्याला त्या क्षणीचा रोध म्हणता येते. तो भागाकार विभवांतर बदलले तरी तोच राहील, हे मात्र अवस्था कायम असलेल्या वाहकाविषयीच म्हणता येते.

प्रयोग म्हणून विचार कर : हाच बल्ब ११५ व्होल्टवर लावला तर शक्ती किती? रोध ८८० ओहमच धरला तर उत्तर १५ वॅट येते. प्रत्यक्षात कुंतल कमी तापते, त्याचा रोध कमी राहतो, आणि शक्ती सुमारे २० वॅट भरते.

प्रश्न : शक्तीची दोन सूत्रे शिकवताना विद्यार्थी हमखास अडतात. धारेचा वर्ग गुणिले रोध, यात रोध वाढला की शक्ती वाढते. विभवांतराचा वर्ग भागिले रोध, यात रोध वाढला की शक्ती घटते. दोन्ही सूत्रे बरोबर कशी? (माध्यमिक शिक्षक, चंद्रपूर)

प्रश्न उत्तम आहे, आणि आपल्या जिल्ह्यातच त्याचे उत्तम उदाहरण उभे आहे.

‘रोध वाढला’ एवढेच म्हणून भागत नाही. तो वाढताना बाकी काय कायम राहिले, तेही सांगावे लागते. घरातल्या जोडणीत सर्व उपकरणे समांतर असतात, प्रत्येकाला सुमारे २३० व्होल्ट मिळतात, म्हणून तेथे रोध कमी असलेले उपकरण अधिक शक्ती घेते. एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडणीत सर्वांतून जाणारी धारा एकच असते, म्हणून तेथे रोध अधिक असलेल्याला अधिक शक्ती मिळते. वर्गात ६० आणि १०० वॅटचे दोन बल्ब एकसर जोडून दाखवावेत. पेटलेल्या स्थितीतले त्यांचे रोध ८८२ आणि ५२९ ओहम धरले तर एकूण रोध १४११ ओहम, धारा ०.१६३ अँपिअर आणि शक्ती अनुक्रमे सुमारे २३ व १४ वॅट येते. म्हणजे साठाचा बल्ब शंभराच्या बल्बपेक्षा प्रखर दिसतो. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे येथे कुंतले पूर्ण तापलेली नसतात, त्यामुळे आकडे तंतोतंत येणार नाहीत. परंतु साठाचा बल्ब तुलनेने अधिक तापून त्याचा रोध अधिक वाढतो, म्हणून प्रत्यक्षातला फरक गणितातल्या फरकाहून ठळकच असतो.

आता आपल्या जिल्ह्यातले उदाहरण. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे ही ७५२ किलोमीटरची उच्चदाब दिष्ट धारेची (एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेची) वाहिनी १९९९ पासून वीज वाहून नेत आहे. तिचा एक ध्रुव जमिनीच्या तुलनेत धन ५ लाख व्होल्टवर आणि दुसरा ऋण ५ लाख व्होल्टवर असतो, म्हणजे दोहोंमध्ये १० लाख व्होल्टचे विभवांतर असते. तिची क्षमता १५०० मेगावॅट, म्हणजे १५० कोटी वॅट आहे. धारा काढायची तर १५० कोटी भागिले १० लाख, म्हणजे १५०० अँपिअर. दिष्ट धारा असल्यामुळे येथे शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा हे सूत्र जसेच्या तसे चालते.

येथे एक सापळा आहे. १० लाख भागिले १५०० केले की ६६७ ओहम येतात, आणि विद्यार्थी त्याला तारांचा रोध समजतो. तो तारांचा रोध नाही. वाहिनी आणि तिच्या पलीकडे वीज घेणारी सारी यंत्रणा चंद्रपूरहून पाहिली असता मिळून जेवढी भासते, तेवढा तो आकडा आहे. उदाहरणासाठी जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून रोध १० ओहम आहे असे समजू. मग तारांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती १५०० चा वर्ग गुणिले १०, म्हणजे २ कोटी २५ लाख वॅट, अर्थात पाठवलेल्या शक्तीच्या दीड टक्का. हेच दुसऱ्या सूत्राने काढताना कोणी १० लाखांचा वर्ग करून त्याला १० ने भागले तर १०,००० कोटी वॅट येतात, म्हणजे पाठवलेल्या शक्तीच्या साठपटीहून अधिक नुकसान! चूक सूत्राची नाही. १० लाख व्होल्ट हे तारेच्या दोन टोकांमधले विभवांतर नव्हे. ते दोन ध्रुवांमधले आहे. तारांच्या लांबीवर खर्च झालेले विभवांतर १५०० गुणिले १०, म्हणजे १५,००० व्होल्ट आहे. त्याचा वर्ग करून १० ने भागा : पुन्हा २ कोटी २५ लाख वॅटच येतात. योग्य विभवांतर घेतले की दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात. फळ्यावर हे दोन्ही मार्गांनी करून दाखवले तर विद्यार्थ्यांचा गोंधळ कायमचा जाईल, असे मला मनापासून वाटते.

एवढ्या उंच विभवांतराची गरजही याच आकड्यांतून दिसते. तेवढीच शक्ती निम्म्या विभवांतराने पाठवली तर धारा ३००० अँपिअर होईल आणि त्याच तारांतले नुकसान चौपट, म्हणजे ९ कोटी वॅट. तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी १८४०-४१ च्या सुमारास तारांची वेटोळी पाण्यात बुडवून आणि पाण्याचे तापमान मोजून दाखवले होते.

प्रश्न : आमच्याकडे व्होल्टेज कमी असते. गीझर बंद असताना प्लगपाशी २२५ व्होल्ट आणि गीझर चालू केल्यावर २०५ व्होल्ट दिसतात. व्होल्टेज कमी असल्यामुळे गीझर जास्त वीज खातो आणि बिल वाढते, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का? गीझर २३० व्होल्ट, २००० वॅट, १५ लिटरचा आहे. (गृहिणी, सावंतवाडी)

गीझरपुरते हे खरे नाही. मात्र आपण घेतलेल्या दोन नोंदींतून याहून महत्त्वाची गोष्ट बाहेर येते, आणि तिच्याकडे आपण लवकर लक्ष द्यावे.

गीझरच्या कॉइलचा रोध २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम आहे. ही कॉइल नायक्रोम या मिश्रधातूची असते. तापल्यावर तिचा रोध बल्बसारखा पटींनी वाढत नाही, जेमतेम काही टक्के बदलतो, म्हणून तो कायम धरायला हरकत नाही. २०५ व्होल्टवर धारा ७.७५ अँपिअर आणि शक्ती सुमारे १५९० वॅट येते. म्हणजे धाराही कमी झाली आणि शक्तीही. पाणी तापायला वेळ मात्र जास्त लागेल. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २२०० किलोज्यूल, म्हणजे ०.६१ युनिट ऊर्जा लागते. पूर्ण शक्तीवर त्याला साधारण १८ मिनिटे लागतात, आपल्याकडे साधारण २३ लागतील. पाण्यात जाणारी युनिटे तेवढीच राहतात. शेजाऱ्यांचे म्हणणे पंपाच्या मोटरीबाबत बहुधा खरे ठरते, कारण ओझे तेवढेच असताना व्होल्टेज घटले की मोटर अधिक धारा ओढते. गीझर, इस्त्री, शेगडी यांचे तसे नसते.

आता दुसरी गोष्ट. गीझर चालू करताच २० व्होल्ट कमी झाले. ते २० व्होल्ट रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) आपल्या प्लगपर्यंतच्या मार्गात कुठेतरी खर्च होत आहेत. त्या मार्गाचा रोध २० भागिले ७.७५, म्हणजे सुमारे २.६ ओहम, आणि तेथे उष्णतेत जाणारी शक्ती २० गुणिले ७.७५, म्हणजे १५५ वॅट आहे. हा रोध बाहेरच्या तारांत आहे की घरात, हे शोधण्यासाठी जाणकार वायरमनकडून मेन स्विचपाशीही गीझर बंद असताना आणि चालू असताना अशा दोन नोंदी घ्याव्यात. समजा तेथे फक्त ४ व्होल्टचा फरक पडला. मग उरलेले १६ व्होल्ट आपल्या घरातच जात आहेत. मेनपासून प्लगपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर असेल, तर जाण्या-येण्याची मिळून ४० मीटर. तिचा रोध ०.२८ ओहमच्या आसपास भरतो आणि तिच्यात दोन-सव्वादोन व्होल्टच जायला हवेत. म्हणजे जवळजवळ १४ व्होल्ट एखाद्या सैल स्क्रूत, काजळलेल्या सांध्यात किंवा प्लगच्या खिळखिळ्या खाचेत जात आहेत, आणि त्या बोटभर जागेत शंभर वॅटहून अधिक उष्णता निर्माण होत आहे. प्लग पिवळा-काळा पडणे, प्लास्टिकचा जळका वास येणे, प्लगला हात लावल्यावर चटका बसणे, ही त्याची लक्षणे आहेत. वाढीव बिलापेक्षा ही जागा अधिक धोक्याची आहे. मेन बंद करून वायरमनकडून सर्व सांधे तपासून घट्ट करून घ्यावेत, काळवंडलेला सॉकेट नवा बसवावा आणि तो १६ अँपिअरचाच असावा. तोपर्यंत गीझर वापरू नये, असा माझा आग्रह आहे. या सांध्यांत जाणारी वीज मीटरच्या पुढे खर्च होत असल्यामुळे तिचे पैसेही आपणच भरत असता, हा भाग त्यामानाने किरकोळ.

प्रश्न : विहिरीवर एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर आहे. चालू असताना २३० व्होल्ट आणि टाँग टेस्टरवर (वायरीभोवती जबडा धरून धारा मोजणाऱ्या मीटरवर) ५.५ अँपिअर दिसतात, म्हणजे १२६५ वॅट. पण वीज मीटर तेवढा पळत नाही. शिवाय मोटर बंद करून, वायर सोडवून वाइंडिंग (आतले तारेचे वेढे) मोजले तर ३.८ ओहम येतात. २३० चा वर्ग भागिले ३.८ केल्यास चौदा हजार वॅट होतात! यातले खरे काय? (शेतकरी, राहुरी)

आपण तीन मोजमापे केली आहेत आणि तिन्ही उपयोगाची आहेत. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

प्रत्यावर्ती (दिशा सतत बदलणाऱ्या) धारेत विभवांतर आणि धारा दोन्ही सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन करतात. मोटरीत वाइंडिंगच्या चुंबकीय गुणामुळे धारा विभवांतराच्या थोडी मागे पडते, त्यामुळे प्रत्येक आवर्तनाच्या काही भागात मोटर ऊर्जा तारेकडे परत करते. टाँग टेस्टर या मागे पडण्याची दखल घेत नाही; तो फक्त धारेचे मान दाखवतो. म्हणून १२६५ या गुणाकाराला व्होल्ट-अँपिअर म्हणायचे, वॅट नव्हे. खरी शक्ती मिळवण्यासाठी त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे खरी शक्ती आणि हा गुणाकार यांच्या गुणोत्तराने, गुणावे लागते. तो आपल्या वीज मीटरवरूनच काढता येतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि किती लुकलुकींना एक युनिट होते तो आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. बाकी सर्व बंद ठेवून फक्त मोटर चालवावी आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. ५७ वेळा लुकलुकला तर तासाला ३४२०, म्हणजे १.०७ युनिट, अर्थात सुमारे १०७० वॅट. १०७० भागिले १२६५, म्हणजे पॉवर फॅक्टर सुमारे ०.८५. घरगुती वा शेतीच्या मोटरीला हे मान समाधानकारक आहे. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटरीच्या दांड्यावर मिळणारे. १०७० पैकी उरलेले मोटरीतील उष्णता आणि घर्षण यांत जातात.

चौदा हजारांचा आकडा मोटरीला लागू नाही, कारण चालू मोटरीत २३० व्होल्ट केवळ तांब्याच्या रोधावर पडत नाहीत. विभवांतराचा बराच मोठा भाग मोटरीत निर्माण होणाऱ्या विरोधी विद्युतदाबाला तोंड देण्यात जातो. ३.८ ओहमचा उपयोग करायचा तर तो धारेच्या सूत्रात करावा. सगळी धारा याच वाइंडिंगमधून जाते असे धरले तर ५.५ चा वर्ग गुणिले ३.८, म्हणजे सुमारे ११५ वॅट ही वाइंडिंगमधली उष्णता झाली. आता पंपात गाळ अडकून मोटर जाम झाली आणि धारा पाचपट, म्हणजे २७.५ अँपिअर झाली असे समजा : उष्णता पंचवीसपट होऊन २८७० वॅटच्या घरात जाते. अशा मोटरीचे वाइंडिंग थोड्याच वेळात जळते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (धारा मर्यादेबाहेर गेली की मोटर बंद करणारा भाग) ट्रिप होतो म्हणून तो तारेने बांधून ठेवण्याची किंवा त्याची मर्यादा वाढवून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती कृपया पाळू नये. तो रिले मोटरीवरच्या पाटीवर लिहिलेल्या धारेएवढाच लावावा. वाइंडिंग नव्याने भरल्यानंतर थंड मोटरीचा रोध मोजून वहीत लिहून ठेवण्याची सवय मात्र ठेवावी. पुढे कधी तो बराच कमी भरला तर आतले काही वेढे एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता असते.

प्रश्न : मल्टिमीटरने सॉकेटमधील व्होल्टेज नीट मोजता आले, पण धारा मोजायला गेलो तेव्हा मोठा आवाज होऊन मीटरचा फ्यूज उडाला. (आयटीआयचा विद्यार्थी, नांदेड)

फ्यूज उडाला म्हणून आपण बचावलात. धारा मोजताना मल्टिमीटरचा अंतर्गत रोध जवळजवळ शून्य ठेवलेला असतो, कारण तो उपकरणाशी एकसर जोडायचा असतो आणि त्याने मूळ धारा बदलता कामा नये. सॉकेटच्या दोन खाचांत तो समांतर लावला की २३० व्होल्ट भागिले जवळजवळ शून्य, एवढी धारा त्यातून जाऊ पाहते. सॉकेटला स्वतःची अशी धारा नसते. धारा जोडलेल्या उपकरणाची असते. २३० व्होल्टवर धारा मोजायची असेल तर टाँग टेस्टर वापरावा आणि त्याच्या जबड्यात फेज व न्यूट्रल यांपैकी एकच वायर घ्यावी, कारण दोन्ही घेतल्या तर जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना रद्द करून मीटर शून्य दाखवतो. उडालेला फ्यूज त्याच मानाचा आणि त्याच प्रकारचा आणावा. त्या जागी तार लावू नये. प्रोबची लाल वायर व्होल्टच्या भोकात परत लावल्याशिवाय तो मीटर पुन्हा सॉकेटजवळ नेऊ नये.